उभ्यानं कीर्तन

नारदीय कीर्तन उभ्यानं करायचं असतं. मागे तबलजी आणि पेटीवाले बसलेले, समोर श्रोते बसलेले, आणि मधे कीर्तनकार दोन-अडीच तास आपल्या पायांवर. त्या जागेला नारदाची गादी म्हणतात. मध्यंतरात यजमान बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात, आणि कीर्तन संपल्यावर सत्तरीतली माणसंसुद्धा येऊन वाकतात. तो नमस्कार गादीला असतो, हे आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "हार उतरला की तू कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून. गादीवर आहेस तोवर मात्र नारदाची. तेवढ्या वेळात कुणाची भीड धरायची नाही," असं ते म्हणाले होते.

मी मूळची वाईची. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला की आमच्या गावात घाटामागून घाट मांडव पडतात. एका आळीचा उत्सव आटोपला की पुढच्या आळीचा. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, गंगापुरी, सगळीकडे देवीपुढे कीर्तनं होत. थंडीत शाल पांघरून, घाटाच्या गार दगडावर सतरंजी टाकून आम्ही पोरं पुढे बसायचो आणि आई मागे बायकांत. एका बुवांनी तिथं ध्रुवाचं आख्यान लावलं होतं. सावत्र आईनं बापाच्या मांडीवरून ध्रुवाला खाली ओढलं, त्या ठिकाणी बुवा थांबले, तबला थांबला, आणि नदीच्या पाण्याचा आवाज ऐकू आला. मग त्यांनी खालच्या सुरात दिंडी सुरू केली. माझ्या अंगावर काटा आला. घरी येऊन मी ओसरीवर उभी राहिले आणि आजोबांना ते सगळं आख्यान पहिल्यापासून सांगितलं. चाली जमेल तशा, शब्द आठवतील तसे. आजोबा शेवटपर्यंत ऐकत बसले.

लहानपणी खेळ म्हणून त्याचं कौतुक झालं. पदवी झाल्यावरही तो खेळ सुटेना, तेव्हा कौतुक थांबलं आणि काळजी सुरू झाली.

हे काम देवानं मला दिलं आहे असं मी म्हणते, तेव्हा लोक विचारतात, कशावरून? मला स्वप्नात दृष्टांत झालेला नाही, कुणा सत्पुरुषानं डोक्यावर हात ठेवून सांगितलेलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पोथीतली एखादी ओवी उलगडली की ती दुसऱ्याला सांगितल्याखेरीज मला चैन पडत नाही. पुष्कळांना ओव्या माझ्याहून चांगल्या कळतात, आणि ते आपल्याशी ठेवून समाधानी असतात. मला ते जमत नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं. ऐकलेलं पुढे सांगायचं, हा क्रम माझ्या हाडीमाशी आहे, आणि तो मी स्वतः तिथं ठेवलेला नाही. ज्यानं ठेवला त्यालाच मी देव म्हणते.

पुण्याला शिकायला गेले, तेव्हा गुरुजी सत्तरी ओलांडलेले होते. सकाळी तंबोऱ्यावर तासभर षड्ज, मग वृत्तं. दिंडी, साकी, कामदा, आर्या, ओवी, कटाव. रोज मोरोपंतांच्या पाच आर्या पाठ करायच्या आणि दुसऱ्या दिवशी अन्वय लावून दाखवायच्या. मोरोपंतांची आर्या पाठ करणं सोपं, अन्वय लावणं अवघड, आणि अन्वय लागल्यावर ती गर्दीतल्या शेवटच्या रांगेला एका दमात समजेल अशी म्हणणं सगळ्यांत अवघड. नमन, पूर्वरंग, मध्यंतरीचं भजन, उत्तररंग, शेवटी भैरवी आणि आरती, हा सांगाडा कुणालाही महिनाभरात कळतो. पूर्वरंगात जो सिद्धांत मांडला तो उत्तररंगातल्या आख्यानात कुठल्या क्षणी येऊन भिडतो, यात कीर्तनकाराचं आयुष्य जातं. संहिता हातात असली तरी तो क्षण श्रोत्यांच्या चेहऱ्यावर शोधावा लागतो, आणि दर गावी तो थोडा पुढेमागे सरकतो.

शिकून झाल्यावर मी देवळांना पत्रं लिहिली. रामनवमीचे उत्सव, दासनवमी, माघी गणपती, अधिक मासातली कीर्तनं. उत्तरं फारशी आली नाहीत, आणि आली ती गोड शब्दांत. "ताई, तुमच्याविषयी चांगलं ऐकलंय, पण आमच्याकडे पहिल्यापासून बुवाच असतात." कुणी म्हणालं, बाईचा आवाज सभामंडपात पुरत नाही. कुणी आडून विचारलं की ऐन उत्सवात अडचणीचा दिवस आला तर काय करणार. एका गावी वारकरी सप्ताह होता. तिथल्या मंडळींनी सांगितलं की त्यांच्याकडे नारदीय चालत नाही, टाळ-मृदंगाचं वारकरी कीर्तनच लागतं. ते मी मानलं. त्या कीर्तनाची शिस्त वेगळी आहे. वीणा गळ्यात, मागे टाळकरी, अभंग घ्यायचा आणि अभंगाचंच निरूपण करायचं. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कित्येक पिढ्या ती शिस्त शिकून बाहेर पडल्या आहेत. त्यांनी मला नको म्हणण्यात गैर काही नव्हतं. बाईपणाचं कारण मात्र मला कधीच पटलं नाही, आणि आजही पटत नाही.

एक नकार मी जपून ठेवला आहे. गुरुजींच्या बरोबरीचे एक बुवा माझं कीर्तन ऐकायला मुद्दाम येऊन बसले होते. माझी शिफारस कराल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आत्ता नाही करणार. तुझ्या आख्यानात माहिती पुष्कळ आहे, पण माणसं भेटत नाहीत. कैकेयी रागावली असं तू सांगतेस. ती कशी रागावते ते मला दिसलं पाहिजे." त्या रात्री मी कैकेयीचा प्रसंग पुन्हा बांधायला घेतला आणि कित्येक महिने त्यावर घालवले. नकारांत असा फरक असतो. तुझं काम अजून पिकलेलं नाही, असं सांगणारा नकार घरी नेऊन त्याच्यावर मेहनत घ्यावी. तू कोण आहेस यावरून आलेला नकार मात्र दारातच ठेवून पुढच्या गावाला निघावं. दोन्ही एकाच थैलीत भरले की ओझं वाढतं आणि शिकायचं ते राहून जातं.

रामनवमीचं सांगायलाच हवं. चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभारली की रामाचं नवरात्र बसतं, आणि नवमीला भर दुपारी बाराला रामजन्म. जन्माचं कीर्तन हा कीर्तनकाराचा मान आणि कसोटीही. साडेदहाच्या सुमाराला उभं राहायचं. पूर्वरंग आटोपता घ्यायचा. दशरथाचा यज्ञ, पायसाची वाटणी, कौसल्येचे डोहाळे हे सगळं घेत घेत बरोबर बाराला जन्मावर यायचं. पाच मिनिटं आधी पोचलात तर देव खोळंबतो, उशीर झाला तर पुजाऱ्याच्या हातातला गुलाल खोळंबतो. मी घड्याळाकडे न बघता तालाच्या आवर्तनांवर वेळ मोजायला शिकले ते याच कीर्तनासाठी. एका देवळात मी आठ दिवस संध्याकाळची कीर्तनं केली होती, मंडप भरत होता. अष्टमीच्या रात्री विश्वस्त बिऱ्हाडी आले. "ताई, राग मानू नका. उद्या जन्माला बुवांना बोलावलंय. लोकांना चालत नाही हो." मी विचारलं, कुठल्या लोकांना? कारण गेले आठ दिवस मी लोकच बघत होते. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो माणूस वाईटही नव्हता. नारळ आणि पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी दिलं.

सामान आवरत असताना एक बाई आल्या. रोज पुढच्या रांगेत बसणाऱ्या. म्हणाल्या, "आमच्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांना देवळात नेता येत नाही. उद्या तुम्ही मोकळ्याच आहात असं कळलं. घरी याल का?"

माजघरात पलंग होता. भिंतीशी लाकडी देव्हारा, पाळण्याऐवजी बाळाची जुनी झोळी, तिच्यात पितळेचा राम. तबलजी देवळातल्या कीर्तनाला बांधलेले होते, त्यामुळे साथीला घरातलीच एक मुलगी पेटी धरून बसली. तिला तीन सूर येत होते, तेवढे पुरले. मी चिपळ्या घेतल्या. आजी पलंगावर कुशीला वळलेल्या; डोळे मिटलेले, ऐकतायत की झोपल्यात ते कळेना. मी नमन केलं, पूर्वरंग केला, काहीही गाळलं नाही. पायसाच्या वाटणीला साकी घेतली, तेव्हा पलंगावरून क्षीण आवाज आला, "ही चाल नव्हे." मी थांबले. आजी डोळे न उघडता म्हणाल्या, "आमच्या गावी बुवा ही साकी उतरत्या अंगानं म्हणत." आणि त्यांनी म्हणून दाखवली. आवाज फाटलेला, पण सूर जागच्या जागी. दुसऱ्या चरणाच्या शेवटी त्या अशी एक लकेर घ्यायच्या की शब्द आपोआप पुढच्या चरणात शिरे. मी ती त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतली. सुनेनं घड्याळाकडे बोट केलं, पाच मिनिटं राहिली होती. मग मी जन्मावर आले. देवळातली घंटा आणि आमच्या घरातली टाळी एकाच वेळी वाजली. झोळीची दोरी आजींच्या हातात दिली, आणि पाळणा त्यांनी एकटीनं म्हटला. सुंठवडा त्यांच्या जिभेवर ठेवला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरून विचारलं, "पुढच्या वर्षी येशील?"

पुढच्या वर्षी त्या नव्हत्या. ती उतरती साकी मी आजही म्हणते, आणि मी शिकवते त्या मुलींनाही तीच शिकवते. छापील पुस्तकात ती चाल सापडत नाही. सन्मानानं जन्माचं कीर्तन मला मिळालं असतं तर ती माझ्यापर्यंत पोचली नसती, हे खरं आहे. पण एवढ्यावरून त्या देवळाचा नकार योग्य होता किंवा देवानंच तो घडवला, असं मी म्हणणार नाही. अन्याय तो अन्यायच. त्या घरात मला जे मिळालं ते देवानं दिलं. देवळानं जे नाकारलं ते माणसांनी नाकारलं.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण अडथळा आला की आपल्याकडे लगेच म्हणतात, "देवाच्या मनात नसेल." दासगणू महाराजांचं उदाहरण बऱ्याचदा पुढे केलं जातं. १८६८ साली जन्मलेले दासगणू आधी पोलिसात होते. फौजदार होण्याची त्यांना आस होती. साईबाबा त्यांना नोकरी सोडायला सांगत राहिले, ते पुढे ढकलत राहिले, अडचणींमागून अडचणी आल्या, आणि अखेर नोकरी सुटली. त्यानंतर १९६२ पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात त्यांनी इतकी आख्यानं रचली की नारदीय कीर्तनकाराच्या वहीत दासगणूंचं एकही पद नाही असं सहसा होत नाही. त्यांच्या बाबतीत अडचण हा इशारा होता, हे मी मानते. पण तो इशारा त्यांना कामाकडे ढकलणारा होता. कामापासून दूर नेणाऱ्या प्रत्येक अडचणीला तोच अर्थ लावला, तर संतांपैकी एकही उभा राहिला नसता. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या. बहिणाबाईंना नवऱ्याचा मार खावा लागला. यांपैकी कुणीही, देवाच्या मनात नाही, असं म्हणून लिहायचं थांबवलेलं नाही.

दासगणूंची आणखी एक गोष्ट मी शिष्यांना सांगते. एकदा ते कोट, उपरणं, फेटा असा साज करून कीर्तनाला निघाले, तेव्हा बाबांनी हा थाट कशाला म्हणून विचारलं आणि सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून ते उघड्या अंगानं, हातात चिपळ्या आणि गळ्यात हार एवढ्यावरच उभे राहत. मी नऊवारी नेसते, कमरेला शेला बांधते, आणि तो बांधताना ही गोष्ट आठवते. आपल्याकडून काय काय काढून घेतलं तरी कीर्तन उरतं, हे एकदा तपासून बघावं. गाडगेबाबांकडे तर गादीही नव्हती. दिवसा हातात झाडू घेऊन गाव स्वच्छ करायचं आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारत विचारत जागं करायचं. १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी शेवटचं कीर्तन केलं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे. कीर्तनकार होऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकावं.

मग माझा आवाज गेला.

आधी वरचे सूर फुटायला लागले. उत्सवाचे दिवस होते, थांबता येत नव्हतं, म्हणून ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून उभी राहत होते. एके दिवशी नमनालाच गळा बंद झाला. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. मोठ्यानं बोलणाऱ्यांना, शिक्षकांना, गायकांना, फेरीवाल्यांना हा त्रास होतो. दोन तंतू एकमेकांवर सतत जोरानं आपटत राहिले की त्या ठिकाणी घट्टा धरतो. आधी मौन, मग आवाजाचे व्यायाम, आणि एवढ्यानं भागलं नाही तर शस्त्रक्रिया. कुजबुजायलाही मनाई, कारण कुजबुजतानाही गळ्यावर ताण येतो. ठरलेली सगळी कीर्तनं रद्द केली. एका ठिकाणच्या कार्यवाहांनी फोनवर घरच्यांना सुनावलं, "तरी आम्ही म्हणत होतो." ते वाक्य मला सांगावं की नाही, यावर घरात चर्चा झाली. शेवटी लेकीनं पाटीवर लिहून दाखवलं.

मौनाचे ते दिवस फार कठीण गेले. ज्या कामासाठी मला नेमलं असं मी मानत होते, त्या कामाचं हत्यारच काढून घेतलं होतं. देवघरात बसून मी मनातल्या मनात पुष्कळ भांडले. उत्तर आलं नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून मी वाचायला घेतलं. महिपतींचा भक्तविजय पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोरोपंत, अमृतरायांचे कटाव. आणि तेव्हाच वेणाबाई भेटल्या.

नाव आधीपासून माहीत होतं. साताऱ्याकडच्या माणसाला सज्जनगडावरची त्यांची समाधी ठाऊक असतेच. पण त्यांचं आयुष्य नीट वाचलं ते तेव्हा. बालविधवा, रामदासांच्या शिष्या, लोकापवाद सोसलेल्या. घरच्यांनीच विष दिलं अशी कथा परंपरेनं सांगितली जाते. त्यांनी सीतास्वयंवर लिहिलं, समर्थांनी त्यांच्याकडे मिरजेचा मठ सोपवला, आणि त्यांना उभ्यानं कीर्तन करण्याची आज्ञा दिली. सतराव्या शतकात, एका विधवेला! चार माणसांपुढे येणंही जिला अमंगळ ठरवलं गेलं होतं, तिला गुरूंनी सांगितलं की उभी राहा आणि बोल. बाईचं कीर्तन परंपरेत बसत नाही असं मला ऐकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी मिरजेच्या त्या मठाचं नाव ऐकलं असेल? पुढे एका दासनवमीला मी सज्जनगडावर गेले आणि वेणाबाईंच्या समाधीपाशी बराच वेळ बसले. आवाज तेव्हा अजून पुरता परतला नव्हता. वेणाबाईंचं आख्यान बांधायचं, हे मी तिथं ठरवलं. घरात पाटी-पेन्सिलीवर, मुक्यानं, ते रचलं गेलं. पदं मनातल्या मनात चालीवर बसवली. गाता येत नव्हतं, म्हणून शब्दांवर जास्त काम झालं, आणि माझ्या सगळ्या आख्यानांत ते आज सर्वांत घट्ट विणीचं आहे.

शस्त्रक्रिया टळली. व्यायामांनी गाठी बसल्या, पण आवाज खाली उतरला. पूर्वी मी काळी पाचमध्ये गात असे, आता काळी चारवर आले. तबलजींना माझ्यासाठी वेगळा तबला घ्यावा लागला. त्यांनी तो काही न बोलता घेतला, आणि पहिल्या कीर्तनाला तो लावताना नेहमीपेक्षा जास्त वेळ हातोडी चालवली. त्यांच्यासारखी माणसं नसती तर माझ्या निष्ठेला काही अर्थ उरला नसता. कीर्तनकार एकटा उभा दिसतो, एवढंच. तबलजी, पेटीवाले, रात्री उशिरा जेवायला वाढणारी यजमानीण, परतीच्या यष्टीत बसवून देणारा कुणाचा तरी मुलगा, यांच्या हातांतूनही देव काम चालवतो, असं मी मानते.

पैशाचं थोडं बोलते, कारण त्याशिवाय हे खरं होणार नाही. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, असं तुकोबांचं रोखठोक मत आहे, आणि वारकरी कीर्तनकारांपैकी पुष्कळजण ते पाळतात. आमच्याकडे बिदागीची रीत आहे. नारळ, वस्त्र, पाकीट. पाकिटात काय ते मी कधी विचारलं नाही, आणि कीर्तनाला किती घ्याल असं विचारणाऱ्याला आकडा सांगितला नाही. त्यापायी वर्षानुवर्षं शिकवण्या घेऊन घर चालवलं. संस्कृतच्या, गाण्याच्या, दहावीच्या मुलांच्या. ही तडजोड मला कमीपणाची वाटली नाही. देवानं काम दिलं याचा अर्थ पोटाची सोयही त्याच कामातून लावून दिली, असा होत नाही. दोन्ही एकातून मिळालं तर भाग्य. एका वाहिनीनं बोलावलं होतं. म्हणाले, पाऊण तासात बसवा, पूर्वरंग काढून टाका, विनोदी गोष्टी घाला. मी नको म्हटलं. पूर्वरंग काढला तर आख्यान ही नुसती गोष्ट उरते.

२०२० ची रामनवमी २ एप्रिलला होती. देवळं बंद, रस्ते सुनसान. मी घरात देवापुढे जन्माचं कीर्तन केलं, आणि कुणी तरी फोनवर ते टिपून पुढे पाठवलं. त्यानंतर फोन यायला लागले, रुग्णालयातून, परदेशी अडकलेल्या मुलांकडून, एकट्या राहणाऱ्यांकडून. नोव्हेंबरात पाडव्याला देवळं उघडली, पुढल्या वसंतात पुन्हा बंद झाली, आणि २०२१ च्या घटस्थापनेला पुन्हा उघडली. दरम्यान पुष्कळ उत्सवांनी कीर्तन कमी केलं. वर्गणी घटली होती, आणि कमी करायची वेळ आली की पहिली कात्री कीर्तनावर चालते. काही जागी ते परत आलं, काही जागी नाही. अष्टमीच्या रात्री मला नकार देणाऱ्या त्या देवळात मला आजवर जन्माचं कीर्तन मिळालेलं नाही. संध्याकाळच्या कीर्तनांना बोलावतात, मी जाते. आताचे विश्वस्त तरुण आहेत. दर वर्षी त्यांच्यापैकी एकजण तो विषय काढतो आणि सभेत तो मागे पडतो.

आता माझ्याकडे काही मुली शिकायला येतात, दोन मुलगेही. त्यांच्यातली एक मोठ्या तयारीनं कीर्तनाच्या स्पर्धेला गेली होती. परीक्षकांनी तिला पहिल्या फेरीतच वगळलं. परत आली ती रडून डोळे सुजवून. "ताई, देवानं हे काम मला दिलंय असं तुम्ही म्हणता. मग तो असं कसं करतो?" मी तिला विचारलं, परीक्षक नेमकं काय म्हणाले. तिनं वहीत लिहून आणलं होतं. आर्येचे शेवटचे गुरू-लघू कच्चे, आख्यानात घाई, आवाज लहान. तिसरी गोष्ट वयाबरोबर वाढेल. दुसरीला अजून वेळ लागेल. पहिली आठवड्यात सुधारता येण्यासारखी होती. मी तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं, आणि ती ज्या आर्येवर अडली होती ती चार वेळा म्हणवून घेतली. चौथ्या वेळी मात्रा बरोबर बसल्या. तिच्या ते लक्षात आलं नाही, मीही सांगितलं नाही. निघताना तिनं दारातून विचारलं, "गुरुवारी येऊ ना?"

म्हटलं, "सहाला ये. आणि येताना मोरोपंत घेऊन ये, माझ्या प्रतीची पानं सुटली आहेत."